कमी वापर असेल तर कोणता रिचार्ज? प्रीपेड प्लॅन निवडण्याची सोपी रीत

बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडून बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला आलेल्या माणसाला पीजीचे भाडे, मेसचे पैसे, प्रवासखर्च आणि गावी पाठवायची रक्कम तोंडपाठ असते. मोबाइलवर वर्षाला किती जातात, हे मात्र विचारले तर चटकन सांगता येत नाही. रिचार्जची रक्कम लहान असते, मोबाइलवरूनच भरली जाते आणि अठ्ठावीस दिवस विसरायला होते. शिवाय एकाच माणसाच्या खिशातून बरेचदा तीन-चार नंबर चालतात: स्वतःचा, गावाकडून आणलेल्या जुन्या सिमचा आणि आई-वडिलांचे. हे सगळे एकत्र केले तर रक्कम लहान राहत नाही.

खरे तर यातल्या बऱ्याच जणांचा वापर कमी असतो. ऑफिसात वाय-फाय असते, पीजीतही असते. सुरक्षारक्षकाला किंवा कारखान्यातल्या कामगाराला ड्यूटीवर फोन हातात घेता येत नाही. गावी आई-वडिलांना फक्त बोलायचे असते. तरीही रोज दीड जीबी डेटाचा प्लॅन घेतला जातो, कारण दुकानदार किंवा ॲप तोच आधी दाखवते. आपल्या वापराला पुरेल एवढाच प्लॅन कसा निवडायचा आणि तसे करताना बँक खात्याला जोडलेला नंबर कसा सांभाळायचा, हे या लेखात पाहू.

आधी हे समजून घ्या: अठ्ठावीस दिवस म्हणजे महिना नव्हे

बहुतेक लहान प्लॅनची मुदत २८ दिवसांची असते. बारा महिन्यांना बारा रिचार्ज पुरतील असे आपण धरून चालतो, पण २८ गुणिले १२ म्हणजे ३३६ दिवस होतात. वर्ष पुरे करायला तेरावा रिचार्ज लागतो. ग्राहकांच्या याच तक्रारीवरून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा करता येईल असा ठेवला पाहिजे, असे त्यात सांगितले. हे प्लॅन असतात, पण विचारावे लागतात.

म्हणून दोन प्लॅनची तुलना करताना नुसती किंमत पाहू नका. एकच सूत्र वापरा:

किंमत भागिले दिवस, गुणिले ३६५.

यावरून वर्षाचा खर्च कळतो. २८ दिवसांचा, ८४ दिवसांचा आणि ३६५ दिवसांचा प्लॅन एकाच मापाने मोजता येतो. फोनमधला कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

कमी वापरणाऱ्याला रिचार्ज महाग का पडतो?

पूर्वी एकदा सिम घेतले की थोडासा टॉकटाइम टाकून ते वर्षानुवर्षे चालू ठेवता येत असे. येणारे फोन फुकट होते, त्यामुळे गावाकडचा फोन जवळजवळ बिनखर्चाचा होता. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी किमान रिचार्ज सुरू केला. तेव्हा २८ दिवसांसाठी तो ३५ रुपये होता. त्यानंतर दर वाढत गेले. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा २८ दिवसांचा सुरुवातीचा अमर्याद कॉलचा प्लॅन १७९ वरून १९९ रुपयांवर गेला आणि जिओचा १५५ वरून १८९ वर. या प्लॅनमध्ये २ जीबी डेटाही येतो. ज्याला डेटा नकोच आहे, त्यालाही त्याचे पैसे भरावे लागू लागले.

यावर ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम बदलले. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचा निदान एक प्लॅन दिलाच पाहिजे, आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल, असे ठरले. ज्येष्ठ नागरिक, घरी ब्रॉडबँड असलेले लोक आणि दोन सिम वापरणारे अशा ग्राहकांचा विचार यामागे होता. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये डेटा नसलेले प्लॅन बाजारात आले. कमी वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा अलीकडच्या काळातला सर्वांत उपयोगी बदल आहे, पण अनेक ग्राहकांपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

हिशेब मांडून पाहू

खालचे दर जुलै २०२४ ते जानेवारी २०२५ या काळातले आहेत. दर बदलत राहतात, म्हणून रिचार्जच्या दिवशी ताजी किंमत पाहा आणि त्याच सूत्रात घाला. वर्षाची रक्कम पूर्ण रुपयात दिली आहे.

• एअरटेल, रोज १.५ जीबी, २८ दिवस, ३४९ रुपये: वर्षाला ४,५४९ रुपये.
• जिओ, रोज १.५ जीबी, २८ दिवस, २९९ रुपये: वर्षाला ३,८९८ रुपये.
• एअरटेल, एकूण २ जीबी, २८ दिवस, १९९ रुपये: वर्षाला २,५९४ रुपये.
• एअरटेल, फक्त कॉल आणि ९०० एसएमएस, ८४ दिवस, ४६९ रुपये: वर्षाला २,०३८ रुपये.
• जिओ, फक्त कॉल आणि १,००० एसएमएस, ८४ दिवस, ४४८ रुपये: वर्षाला १,९४७ रुपये.
• जिओ, फक्त कॉल आणि ३,६०० एसएमएस, ३३६ दिवस, १,७४८ रुपये: वर्षाला १,८९९ रुपये.
• एअरटेल, फक्त कॉल आणि ३,६०० एसएमएस, ३६५ दिवस, १,८४९ रुपये: वर्षाला १,८४९ रुपये.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, १,७४८ रुपयांचा प्लॅन १,८४९ पेक्षा स्वस्त वाटतो, पण तो ३३६ दिवसांचा आहे. वर्षाच्या मापाने तो ५० रुपयांनी महाग पडतो. दुसरी, रोज दीड जीबीचा प्लॅन आणि फक्त कॉलचा प्लॅन यांत एकाच कंपनीकडे वर्षाला २,७०० रुपयांचा फरक आहे.

तुमचा वापर किती, ते मोजा

अंदाजावर जाऊ नका. स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये ‘मोबाइल डेटा वापर’ पाहिला की गेल्या महिन्यात सिमवरून किती जीबी गेले ते दिसते. वाय-फायचा वापर त्यात वेगळा दाखवलेला असतो. त्या आकड्यावरून आपण कोणत्या गटात आहोत हे ठरवा.

पहिला गट: फक्त बोलणारे. फोन बटणांचा आहे किंवा इंटरनेट बंदच असते. यांनी डेटा नसलेला प्लॅन घ्यावा.

दुसरा गट: महिन्याला एक-दोन जीबीत भागणारे. वाय-फाय पीजीत आणि ऑफिसात आहे. बाहेर असताना व्हॉट्सॲपचे निरोप, चहाच्या टपरीवर यूपीआय, ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या पिवळ्या मेट्रो मार्गाचे क्यूआर तिकीट एवढेच काम असते. या सगळ्याला फार थोडा डेटा लागतो. डेटा खातात ते व्हिडिओ. या गटाने रोजच्या डेटाचा प्लॅन न घेता एकूण २ जीबीसारखा लहान प्लॅन घ्यावा. एखाद्या महिन्यात कमी पडला तर लहान डेटा व्हाउचर टाकता येते.

तिसरा गट: प्रवासात रोज व्हिडिओ पाहणारे, ऑनलाइन वर्ग करणारे किंवा डिलिव्हरी आणि टॅक्सीच्या ॲपवर पोट असणारे. यांचा वापर कमी नाही. यांनी डेटात काटकसर केली तर नुकसानच होईल. त्यांनी रोजच्या डेटाचाच पण ८४ दिवसांचा प्लॅन पाहावा. एअरटेलचा रोज १.५ जीबीचा ८४ दिवसांचा प्लॅन जुलै २०२४ मध्ये ८५९ रुपयांना होता, म्हणजे वर्षाला ३,७३३ रुपये. २८ दिवसांच्या प्लॅनपेक्षा ८१६ रुपये कमी.

फक्त कॉलचा प्लॅन घेण्याआधी एक गोष्ट कंपनीला नक्की विचारा: यावर गरज पडल्यास डेटा व्हाउचर चालेल का? सगळ्या प्लॅनवर सगळी व्हाउचर चालतातच असे नाही.

आई-वडिलांचा फोन

गावाकडच्या फोनचा रिचार्ज इलेक्ट्रॉनिक सिटीत बसलेला मुलगा किंवा मुलगी मारते, त्यामुळे प्लॅनही तेच निवडतात. बहुतेक वेळा आपला प्लॅन तोच त्यांचा ठेवला जातो. तसे करण्याआधी तीन गोष्टी पाहा.

एक, घरात रेंज कोणाची येते. अंगणात नव्हे, स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत. शेजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन एकदा तपासा. बीएसएनएलचे प्लॅन अनेकदा स्वस्त असतात. गावात त्यांची रेंज चांगली असेल तर तेही यादीत धरा. रेंज नसलेला स्वस्त प्लॅन रात्री-अपरात्री कामाला येत नाही.

दोन, हँडसेट कोणता आहे. जुन्या टू-जी बटणांच्या फोनमध्ये जिओचे सिम चालत नाही, कारण जिओचे जाळे फोर-जी आणि त्यापुढचे आहे. नवा फोन घ्यावा लागणार असेल तर ती किंमतही हिशेबात धरा. जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेल्या जिओभारत या बटणांच्या फोर-जी फोनसाठी २८ दिवसांचा १२३ रुपयांचा आणि ३३६ दिवसांचा १,२३४ रुपयांचा प्लॅन जाहीर झाला होता. वर्षाला तो १,३४१ रुपये पडतो. मात्र हे दर त्या हँडसेटपुरतेच असतात, आणि तो फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालत नाही.

तीन, वर्षाचे पैसे एकदम भरणे जमेल का. वर्षाच्या प्लॅनमध्ये दर महिन्याची आठवण ठेवावी लागत नाही आणि मधल्या दरवाढीचा त्रास होत नाही. पण त्यासाठी कर्ज किंवा उधारी करू नका. ८४ दिवसांच्या प्लॅनमध्येही बरीच बचत होते.

डेटा नसला तरी बँकेचे काम अडत नाही. *९९# हा क्रमांक फिरवून साध्या फोनवरूनही शिल्लक पाहता येते आणि पैसे पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही सोयही सुरू केली आहे. आपल्या बँकेत जाऊन ती चालू करून घ्या.

दुसरे सिम खरेच लागते का?

बंगळुरूला आल्यावर अनेकांनी कर्नाटकाचे सिम घेतले आणि महाराष्ट्राचे जुनेही ठेवले. रोमिंगचे वेगळे पैसे लागत असत त्या काळात ते बरोबर होते. आता अमर्याद कॉलच्या प्लॅनमध्ये देशभरचे रोमिंग धरलेले असते. कोल्हापूरचा नंबर इलेक्ट्रॉनिक सिटीत तेवढ्याच खर्चात चालतो आणि बंगळुरूचा नंबर सांगलीत. त्यामुळे दोन सिम ठेवायला दुसरे कारण नसेल, तर एका सिमचा वर्षाचा पूर्ण खर्च वाचतो.

कोणते ठेवायचे? बँक खाते, आधार, पॅन, गॅस, भविष्यनिर्वाह निधी यांना जो नंबर जोडलेला आहे तो. कंपनी पसंत नसेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे, आणि जुलै २०१५ पासून एका राज्यातला नंबर दुसऱ्या राज्यातही नेता येतो. त्यासाठी ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला मोबाइल नंबर टाकायचा आणि १९०० वर एसएमएस करायचा. येणारा कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. त्याच विभागात तीन आणि दुसऱ्या विभागात पाच कामाचे दिवस लागतात. सध्याच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले असावेत. जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस आणि शिल्लक नव्या कंपनीकडे जात नाही, म्हणून मुदत संपत आली की पोर्ट करा.

सर्वांत महत्त्वाचे: नंबर बंद पडू देऊ नका

रिचार्ज वाचवण्याच्या नादात काही जण मुदत संपलेली ठेवतात. इथे मोठे नुकसान होऊ शकते. तुमचा मोबाइल नंबर ही खात्याची किल्ली आहे. खात्यातून पैसे गेल्याचा एसएमएस त्यावर येतो, ओटीपी त्यावर येतो, यूपीआय त्याच्यावर चालते.

ट्रायच्या नियमानुसार सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तरच प्रीपेड नंबर बंद करता येतो. फोन करणे, फोन येणे, एसएमएस पाठवणे किंवा डेटा वापरणे यांपैकी काहीही वापरात धरले जाते. खात्यात २० रुपये किंवा अधिक शिल्लक असेल तर वापर नाही म्हणून नंबर बंद करता येत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका. नंबर तुमच्या नावावर असणे आणि सेवा चालू असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅनची मुदत संपली की आधी जाणारे आणि मग येणारे कॉल व एसएमएस थांबू शकतात. म्हणजे खात्यातून कोणी पैसे काढले तरी तुम्हाला कळणार नाही.

बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या माणसाला दिला जातो. मग तुमच्या बँकेचे निरोप त्याच्याकडे जाऊ लागतात. हे टाळण्यासाठी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने बँका आणि यूपीआय ॲपना बंद झालेल्या व पुन्हा वाटलेल्या नंबरांची नोंद आठवड्यातून निदान एकदा ताजी करायला सांगितले आहे. ३१ मार्च २०२५ ही त्यासाठीची मुदत होती. त्यामुळे तुमचा नंबर बंद झाला तर त्यावरचे यूपीआयही बंद होऊ शकते.

म्हणून नियम साधा ठेवा: ज्या नंबरला खाते जोडले आहे त्याची मुदत कधीही संपू द्यायची नाही. एखादा नंबर सोडायचाच असेल तर आधी बँकेच्या शाखेत जाऊन नवा नंबर नोंदवा, नव्या नंबरवर एसएमएस येऊ लागला याची खात्री करा, आधार आणि इतर ठिकाणी बदल करा आणि मगच जुना सोडा.

आणखी एक. ‘दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल’ असा फोन ट्रायच्या नावाने आला तर तो ठेवून द्या. ट्राय ग्राहकांचे नंबर बंद करत नाही. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहता येते. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

रिचार्ज करताना

• १० रुपयांच्या टॉप-अपवर साधारण ७.४७ रुपयेच टॉकटाइम मिळतो. बाकीचे कर आणि शुल्कात जातात. एक-दोन कॉलसाठी ठीक, पण महिनाभर टॉप-अपवर चालवणे महाग पडते.
• काही पेमेंट ॲप प्रत्येक रिचार्जवर एक ते तीन रुपये जास्त घेतात. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर तीच किंमत तपासून पाहा.
• प्लॅनमध्ये एसएमएस आहेत का ते बघा. यूपीआय ॲप पहिल्यांदा चालू करताना तुमच्या फोनवरून एक एसएमएस जातो. एसएमएस नसलेल्या प्लॅनवर आणि शिल्लक नसताना ते काम अडते.
• चित्रपट, गाणी यांची मोफत जोड पाहून प्लॅन चढवू नका. पाहणार नसाल तर ती तुमच्यासाठी मोफत नाही.
• मुदत संपण्याआधी रिचार्ज केला तर उरलेले दिवस पुढे जोडले जातात की जातात वाया, हे विचारा.
• सर्व कंपन्यांचे प्लॅन ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर विभागवार पाहता येतात. तिथे महाराष्ट्र-गोवा, मुंबई आणि कर्नाटक हे वेगळे विभाग आहेत. तुमचा नंबर ज्या विभागाचा आहे तो निवडा.

वाचलेले पैसे कुठे जातील?

समजा, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या एका खातेदाराने स्वतःचा ३४९ चा प्लॅन सोडून १९९ चा घेतला. वर्षाला १,९५५ रुपये वाचले. आई-वडिलांच्या बटणांच्या फोनवर १९९ ऐवजी १,८४९ चा वर्षाचा प्लॅन टाकला. तिथे ७४५ वाचले. एकूण २,७०० रुपये झाले, आणि कोणाचाही एक फोन कमी झाला नाही.

हे पैसे खात्यात पडून राहिले तर खर्च होतील. त्यांना आधीच जागा ठरवून द्या. खातेदाराचे वय १८ ते ५० असेल, तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये आणि जीवन ज्योती विमा योजनेचे ४३६ रुपये आईवडिलांच्या फोनवर वाचलेल्या रकमेतून भरले जातात आणि वर २८९ रुपये उरतात. या दोन्ही योजनांत दोन-दोन लाख रुपयांचे संरक्षण आहे. पहिले अपघातासाठी, दुसरे कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास. स्वतःच्या फोनवर वाचलेल्या पैशांतून पोस्टात महिना १६० रुपयांचे आवर्ती खाते उघडता येते. ६.७ टक्के दराने पाच वर्षांत ९,६०० रुपये भरून सुमारे ११,४०० रुपये हातात येतात.

पुढचा रिचार्ज करण्याआधी एक कागद घ्या. घरातले सगळे नंबर एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर चार गोष्टी मांडा: कोण वापरतो, महिन्याला किती डेटा जातो, कोणते बँक खाते जोडले आहे, सध्याच्या प्लॅनचा वर्षाचा खर्च किती. ज्या नंबरसमोर डेटाचा रकाना रिकामा राहील, त्याचा प्लॅन सर्वांत आधी बदला. ज्याच्यासमोर खाते लिहिले असेल, त्याची मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंदवून ठेवा.